हद्दपारीचा हुकूम आणि गॉर्डन हॉल

११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबई बंदरात उतरले, तेव्हा त्यांना हिंदुस्थानातून घालवून देण्याचा निर्णय आधीच झालेला होता. इंग्लंडकडे परतणाऱ्या कंपनीच्या जहाजांवर त्यांना बसवायचं, असं कलकत्त्याच्या सरकारने ठरवलं होतं. त्या जहाजांवर न चढता हे दोघे मुंबईकडे निघालेल्या एका जहाजावर चढले. नॉट यांच्यासोबत पत्नी रॉक्साना होत्या. हॉल एकटे होते आणि त्यांचं वय होतं अठ्ठावीस. मुंबईत त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं, आणि मराठीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं.

इंग्रज सरकार ख्रिस्ती, तेव्हा त्याने मिशनऱ्यांना आवतण देऊन आणलं असणार, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. १८१३ पूर्वीची परिस्थिती अगदी उलट होती. ईस्ट इंडिया कंपनीला व्यापार हवा होता, महसूल हवा होता, आणि या दोन्हींसाठी शांतता हवी होती. १८०६ साली वेल्लोरच्या छावणीत शिपायांनी बंड केलं. नवी पगडी, गंध लावायला आणि दाढी राखायला मनाई, ही त्याची तात्कालिक कारणं. पण कंपनीच्या बड्या मंडळींनी त्याचं खापर मिशनऱ्यांच्या माथी फोडलं. तेव्हापासून परवान्याशिवाय आलेला उपदेशक दिसला की त्याला परतीची वाट दाखवायची, हे धोरण पक्कं झालं. विल्यम कॅरी यांनी मराठीचं व्याकरण आणि कोश छापला तो श्रीरामपूरहून. त्यांचं मिशन तिथे उभं राहिलं, कारण ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि कंपनीचा हुकूम तिथे चालत नसे. मुंबईत असा आसरा नव्हता.

हे तरुण आले कुठून, तेही सांगायला हवं. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात १८०६ च्या उन्हाळ्यात काही विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले आणि आशिया खंडात सुवार्ता नेण्याची गोष्ट तिथे त्यांनी आपसांत बोलून काढली. हॉल याच कॉलेजचे विद्यार्थी. या तरुणांच्या आग्रहामुळे १८१० साली अमेरिकन बोर्ड ही संस्था स्थापन झाली. परदेशात मिशनरी पाठवण्यासाठी निघालेली ती अमेरिकेतली पहिलीच संस्था. हॉल यांना कनेक्टिकटमधल्या वुडबरी गावच्या मंडळीने पाळक म्हणून बोलावलं होतं. चांगली जागा होती, लोकांचा लोभ होता. त्यांनी नकार कळवला. जिथे सुवार्ता पोहोचलेली आहे अशा कुठल्याही गावात स्थायिक व्हायचं नाही, हा त्यांचा निश्चय होता. निघण्यापूर्वी फिलाडेल्फियाला त्यांनी थोडं वैद्यकही शिकून घेतलं. त्या शिक्षणाचा संबंध त्यांच्या मरणाशी आहे, त्याकडे पुढे येतो.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली: अडोनायरम जडसन, सॅम्युअल न्यूएल, नॉट, हॉल आणि ल्यूथर राइस. त्या दिवशी बोर्डाच्या तिजोरीत या सगळ्यांना पुरेल इतका पैसा नव्हता. घरच्या लोकांतही एकमत नव्हतं. बोर्डाला कायद्याची मान्यता देण्याचा प्रश्न मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात आला, तेव्हा एका सभासदाने हरकत घेतली की, आपल्याकडेच धर्म जेमतेम पुरतो आहे, तो बाहेर कशाला पाठवायचा? त्यावर दुसऱ्याने उत्तर दिलं की, हा माल जितका बाहेर पाठवावा तितका घरात अधिक उरतो. मान्यता मिळाली, पण तोवर हे पाचही जण अमेरिका सोडून गेले होते.

जडसन आणि न्यूएल ही दोन जोडपी १७ जून १८१२ ला कलकत्त्याला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी, तिकडे वॉशिंग्टनला, अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं. बातमी यायला काही महिने लागले. मग मात्र आधीच नको असलेले हे पाहुणे शत्रुराष्ट्राचे नागरिकही ठरले. निघून जा, एवढंच सरकारचं म्हणणं होतं. जडसन आणि राइस यांचं बाप्तिस्म्याविषयीचं मत प्रवासात आणि कलकत्त्यात बदललं आणि ते बाप्टिस्ट झाले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. न्यूएल पत्नी हॅरिएटसह मॉरिशसकडे निघाले. वाटेत, समुद्रावरच, हॅरिएट बाळंत झाली. मुलगी पाच दिवस जगली. ३० नोव्हेंबर १८१२ ला पोर्ट लुईस इथे हॅरिएट क्षयाने वारली. तिचं वय एकोणीस होतं आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ज्या देशासाठी ती निघाली, तिथे तिला काम करता आलं नाही. तिचं चरित्र १८१४ साली छापलं गेलं आणि न्यू इंग्लंडमधल्या घराघरांत वाचलं गेलं.

आता मुंबई. गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन हे स्वतः श्रद्धाळू गृहस्थ होते आणि बायबल सोसायटीच्या कामाविषयी त्यांना आस्था होती. त्यांनी दोघांना सौजन्याने वागवलं, पण कलकत्त्याचा हुकूम त्यांच्या टेबलावर होता. पत्रं जात होती, उत्तरं येत होती, महिने सरत होते. हॉल आणि नॉट यांनी हा काळ पंडिताकडून मराठी शिकण्यात घालवला. उद्या इथून काढणार की परवा, हे ठाऊक नसताना नव्या भाषेची मुळाक्षरं गिरवायला बसायचं, हे मला त्यांच्या पुढच्या सगळ्या धडाडीपेक्षा मोठं वाटतं.

१८१३ सालच्या उत्तरार्धात प्रसंग निकराला आला. आता आपल्याला इंग्लंडला पाठवणार हे नक्की दिसल्यावर दोघांनी गुपचूप कोचीनकडे जाणारं गलबत गाठलं. तिथून सिलोनला जायचा त्यांचा विचार होता, कारण सिलोन कंपनीकडे नव्हतं. तिथे थेट राजाचं राज्य होतं. रॉक्साना नॉट तान्ह्या मुलासह मुंबईतच राहिल्या. बेत फसला. कोचीनला दोघांना अडवलं आणि मुंबईला परत आणलं. गव्हर्नर दुखावले. आपण त्यांना मोकळं ठेवलं आणि ते न सांगता निघून गेले, ही त्यांची तक्रार होती, आणि ती रास्तही होती. आमच्या प्रभूने पहिल्या शिष्यांना एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जायला सांगितलं होतं, असं हॉल आणि नॉट यांचं म्हणणं पडलं. या प्रसंगात कोण बरोबर होतं याचा निवाडा करणं अवघड आहे. मी स्वतः गव्हर्नरांच्या बाजूलाही थोडं माप टाकीन.

यानंतर हॉल यांनी नेपियन यांना जे पत्र लिहिलं, त्यावर या सगळ्या हकिकतीचा कणा उभा आहे. त्यात गयावया नाही आणि उर्मटपणाही नाही. आपण राज्य उलथायला आलो नाही, व्यापारात वाटा मागायला आलो नाही. ख्रिस्ताने सर्व लोकांना सुवार्ता सांगण्याची आज्ञा केली आहे आणि ती पाळायला आलो आहोत, हे ते शांतपणे मांडतात. मग एका ख्रिस्ती माणसाने दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला विचारावं तसा प्रश्न विचारतात: ज्याची ही आज्ञा आहे त्याच्यासमोर शेवटच्या दिवशी आपण दोघेही उभे राहणार आहोत, तेव्हा आम्हाला परत पाठवल्याचं कारण काय सांगाल? राजकारणी माणसाला राजकारणातली उत्तरं तोंडपाठ असतात. हा प्रश्न त्याच्या पलीकडचा होता. १८१३ च्या डिसेंबरात नेपियन यांनी कळवलं की, वरून पुढचा आदेश येईपर्यंत तुम्ही इथे राहू शकता.

तिकडे लंडनमध्ये वारं फिरलं होतं. कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण चालू होतं. विल्यम विल्बरफोर्स यांनी पार्लमेंटमध्ये हा विषय लावून धरला, आणि हिंदुस्थानात मिशनऱ्यांना जाऊ द्यावं म्हणून इंग्लंडभरातून शेकडो अर्ज पार्लमेंटकडे गेले. कंपनीच्या संचालकांपैकी चार्ल्स ग्रँट यांनी संचालक मंडळात या अमेरिकनांची बाजू घेतली. १८१३ च्या सनदेत हिंदी लोकांच्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये ठेवले गेले, हे आपण शाळेत शिकलो. मिशनऱ्यांना परवाना मिळण्याची सोयही त्याच सनदेत झाली. एप्रिल १८१४ पासून ती सनद अमलात आली. त्याच वर्षी सॅम्युअल न्यूएल सिलोनहून मुंबईत आले. बरोबरीच्यांना केव्हाच देशाबाहेर काढलं असेल, असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं.

सरकारचा विरोध संपला. यापुढचा काळ मला अधिक कठीण वाटतो, कारण हुकुमाविरुद्ध उभं राहायला जे बळ लागतं ते अन्यायाच्या जाणिवेतूनही मिळतं. कोणी ऐकतच नसेल तर माणूस कशाच्या बळावर उभा राहणार? हॉल रोज मुंबईच्या रस्त्यांवर निघत. बाजारात, तळ्याच्या काठी, देवळाबाहेर, झाडाखाली, जिथे चार माणसं बसलेली दिसतील तिथे थांबून मराठीत बोलायला लागत. लोक जमत. काही हुज्जत घालत, काही टिंगल करत, बरेचसे ऐकून घेत आणि मान हलवून आपल्या कामाला जात. तुमचा देव तुमच्यासाठी चांगला, आमचा आमच्यासाठी, हे उत्तर त्यांना पुन्हा पुन्हा मिळे. या उत्तरात समंजसपणा होता. शिवाय जातीबाहेर पडण्याची किंमत लोकांना नीट माहीत होती: घर, लग्नसंबंध, पाणी, धंदा, सगळंच तुटायचं. उपदेश करणाऱ्याला यातलं काहीच गमवावं लागणार नव्हतं, ऐकणाऱ्याला सर्वस्व. मिशनरी लेखक या तफावतीवर फार थांबत नाहीत. थांबायला हवं होतं.

त्यांच्या पत्रांमध्ये हिंदू देवधर्माविषयी जी भाषा आहे, ती आज वाचताना मन खट्टू होतं. ज्या तुकोबांच्या अभंगांनी पुढे नारायण वामन टिळकांना ख्रिस्ताकडे जाणारी वाट दिसली, त्या संतपरंपरेची या पहिल्या पिढीला पुरेशी जाण नव्हती. मात्र त्यांनी बळजोरी केली नाही. सरकार त्यांच्या पाठीशी नव्हतं, हातात शस्त्रही नव्हतं. मुंबईच्या रस्त्यात उभं राहून परक्या भाषेत बोलायचं आणि समोरच्याने पाठ फिरवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, एवढाच त्यांचा मार्ग होता. हॉल यांच्या हयातीत बाप्तिस्मा घेणारे एतद्देशीय लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

या कोरड्या वर्षांत त्यांनी दोन गोष्टी सुरू केल्या. १८१५ साली मुलांची शाळा काढली. पाठोपाठ आणखी शाळा निघाल्या, आणि त्यांत शिकवायला बहुतेक ब्राह्मण पंतोजी होते. १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा निघाली, तीही याच मिशनची. दुसरी गोष्ट छापखाना. होरॅशिओ बार्डवेल १८१६ साली आले, त्यांना छपाईचं काम येत होतं. १८१७ च्या मार्चमध्ये या छापखान्यातून पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. खिळे जुळवायला पाळकांनीच बाह्या सरसावल्या. मग मत्तयाचं शुभवर्तमान छापलं गेलं आणि नव्या कराराच्या एकेका पुस्तकाचं भाषांतर सुरू राहिलं. या छापखान्याला एक मुद्रक मिळाला तो दुसऱ्या एका हद्दपारीमुळे. जेम्स गॅरेट हे सिलोनमधल्या अमेरिकन मिशनसाठी तिकडे गेले होते. तिथल्या गव्हर्नराने त्यांना राहू दिलं नाही, म्हणून १८२१ साली ते मुंबईला आले आणि मरेपर्यंत इथेच छापत राहिले.

या छापखान्यातलं काम पाहूनच गणपत कृष्णाजींनी स्वतःचं यंत्र उभारलं आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. पुढे निर्णयसागर काढणारे जावजी दादाजी लहानपणी कामाला लागले तेही अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात, टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली. सुबक देवनागरी खिळ्यांची जी परंपरा निर्णयसागरने सबंध देशात नेली, तिचं एक मूळ इथे आहे.

मृत्यू मात्र या लहानशा मंडळीचा पिच्छा सोडत नव्हता. नॉट प्रकृती बिघडल्याने १८१५ सालीच मायदेशी परतले. १८१८ साली हॉल आणि न्यूएल यांनी मिळून जगभरच्या सुवार्ताकार्याविषयी एक पुस्तिका लिहिली. ती अमेरिकेत छापली गेली आणि तिने तिकडच्या मंडळ्यांना खडबडून जागं केलं. पण माणसं येत त्यापेक्षा भराभर जात. ३० मे १८२१ रोजी न्यूएल पटकीने गेले. ठाण्याला काम करणारे जॉन निकोल्स १८२४ साली वारले. एडमंड फ्रॉस्ट आले आणि वर्ष-दीड वर्षात क्षयाने गेले. हॉल यांचं लग्न १८१६ साली मुंबईतच मार्गारेट लुईस या इंग्रज बाईंशी झालं होतं. त्यांची दोन मुलं इथेच दगावली. उरलेल्या दोघांना घेऊन मार्गारेट १८२५ साली अमेरिकेला निघाल्या. हॉल यांनाही जाता आलं असतं. ते थांबले. नव्या कराराचं भाषांतर छापून पूर्ण होत आलं होतं.

मार्च १८२६ च्या आरंभी ते नाशिक आणि त्र्यंबककडे निघाले. सोबत मिशनमधली दोन तरुण मुलं होती. नाशिकला पोहोचले तर गावात पटकीची साथ. माणसं पटापट मरत होती. हॉल यांनी पुस्तकांचं गाठोडं बाजूला ठेवलं आणि औषधाची पेटी उघडली. फिलाडेल्फियाला शिकलेलं जे काही आठवत होतं ते कामी लावलं. हातातली औषधं जवळजवळ संपेपर्यंत ते वाटत राहिले, आणि मग मुंबईच्या वाटेला लागले. १९ मार्चच्या रात्री ते एका गावात पोहोचले आणि देवळाच्या ओसरीवर चटई टाकून आडवे झाले. तिथे आधीपासून आजारी माणसं पडलेली होती. पहाटे चारच्या सुमाराला निघायच्या तयारीने उठले, आणि पटकीने त्यांनाच गाठलं. पेटीत थोडंसं औषध शिल्लक होतं. दोनदा घेतलं, दोन्ही वेळा पोटात ठरलं नाही. आपण यातून उठत नाही हे त्यांनी सोबतच्या मुलांना सांगितलं. घड्याळ, कपडे कुणाला द्यायचे, देह कसा पुरायचा, सगळं समजावलं. भोवती जमलेल्या गावकऱ्यांशी मराठीत बोलले. बायकोमुलांसाठी प्रार्थना केली. आठेक तासांत, २० मार्च १८२६ च्या दुपारी, त्यांनी प्राण सोडला. मुलांनी मोठ्या मिनतवारीने पुरायला जागा मिळवली आणि पेटीशिवाय, कांबळ्यात गुंडाळून त्यांना माती दिली. बेचाळिसावं वर्ष पुरं व्हायला काही दिवसच राहिले होते. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पूर्ण झाला.

पुढचं बरंचसं वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८२७ साली सिंथिया फरार बाई आल्या. आधी मुंबईत आणि मग अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. नगरची ती शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि पुण्यात मुलींसाठी शाळा काढायची उमेद घेऊन ते परतले. नगरचं मिशन १८३१ साली सुरू झालं. १८४२ साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागलं. सत्तर वर्षांनी त्याच्या मराठी विभागाची धुरा रेव्हरंड टिळकांकडे आली. हॉल यांच्यासारखाच रस्त्यावर उभा राहणारा जॉर्ज बोएन हा माणूस १८४८ साली मुंबईत आला, त्याने मिशनचा पगार सोडला आणि चाळीस वर्षं एकदाही मायदेशी न जाता बाजारात गरिबीत राहून १८८८ साली इथेच देह ठेवला. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्याशी १८५७ साली समुद्रकिनारी झालेले वादविवाद बोएन यांनीच छापून काढले. विष्णुबुवांनी मिशनऱ्यांची गाठ उघड्या मैदानात घेतली, सगळ्यांसमोर, प्रश्नाला प्रश्न आणि युक्तिवादाला युक्तिवाद. विरोध असाच व्हावा. कंपनीच्या हुकुमापेक्षा या विरोधात सुवार्ता सांगणाऱ्याचा मान कितीतरी अधिक राखला गेला, कारण त्यात आधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलेलं होतं.

मराठी ख्रिस्ती घरांत टिळकांचं नाव आदराने घेतलं जातं, पंडिता रमाबाईंचं घेतलं जातं. हॉल यांचं नाव ऐकलेली माणसं मला फार थोडी भेटली. अमेरिकन बोर्डाची दप्तरं आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मुंबईहून गेलेली पत्रं आणि अहवाल त्यात आहेत, आणि पेशवाईच्या अखेरीची मुंबई, तिथले रस्ते, शाळा, रोगराई, लोकांनी घातलेले वाद, असं बरंच काही त्यांत नोंदलेलं आहे. हे सारं मराठीत यायला हवं. आपल्या विद्यापीठांतल्या एखाद्या तरुण अभ्यासकाने हे काम अंगावर घ्यावं, आणि ज्या मंडळ्यांचा वारसा या माणसांपासून सुरू होतो त्यांनी त्याचा खर्च उचलावा.